पेटीच्या पट्टीत न मावलेला सूर

युरोपातील एखाद्या सभागृहात चेलो आणि पियानोची मैफल चालू आहे आणि ती सातारा किंवा सांगलीतील एखादा रसिक घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर ऐकतो आहे, यात आता नवल राहिलेले नाही. कलाकाराला श्रोता दिसत नाही, श्रोत्याची दाद कलाकारापर्यंत पोहोचत नाही, तरीही मैफल होते. समोर कोणी नसताना गायचे ते कोणासाठी, आणि यंत्रातून पलीकडे गेलेल्या सुरात मूळ सुराचे किती उरते, हे प्रश्न मात्र इंटरनेटच्या युगात जन्मलेले नाहीत. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मिरजेत राहणाऱ्या एका गवयाच्या आयुष्यात ते दोन वेगवेगळ्या यंत्रांच्या रूपाने उभे राहिले होते. एक यंत्र होते सुरांना मोजून पट्ट्यांत बसवू पाहणारी पेटी आणि दुसरे ग्रामोफोन. तो गवई म्हणजे किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील किराणा, म्हणजेच कैराना, या गावी झाला. घराण्यात गाणे होतेच, पण त्याहून अधिक होती ती सारंगी आणि बीन. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांना तालीम मिळाली. लहानपणी ते सारंगी वाजवीत आणि बीन, सितार, तबला या वाद्यांतही त्यांची गती होती. सारंगी हे गजाने वाजवायचे वाद्य. तिच्यावर सुरांच्या जागा दाखवणारे पडदे नसतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना वादकाचे बोट तारेला टेकूनच सरकते आणि दोन स्वरांमधली सगळी वाट कानाला ऐकू येते. पुढे खाँसाहेबांच्या गळ्यातून जो अखंड, रेशमी धाग्यासारखा सूर निघू लागला, त्याचे मूळ या सारंगीत शोधावे लागते.

तरुणपणी बंधू अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्यास आले. सयाजीराव गायकवाडांच्या त्या संस्थानात कलावंतांना आश्रय होता आणि या दोघा भावांच्या गाण्याला तेथे मान मिळाला. मात्र तो फार काळ टिकायचा नव्हता. सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई आणि अब्दुल करीम यांच्यात स्नेह जुळला. एका मुसलमान गवयाने सरदारघराण्यातील मुलीशी संसार मांडणे त्या काळच्या बडोद्याला मानवणारे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी बडोदे सोडले. राजाश्रयावर पाणी सोडून मुंबईत आलेल्या या गवयाला यापुढे पोटासाठी दरबाराबाहेरचा श्रोता शोधावा लागणार होता.

त्या शोधात मिरज त्यांच्या आयुष्यात आली. प्लेगच्या दिवसांत आजारी पडलेले खाँसाहेब मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आले, तेथे त्यांनी गायनसेवा केली आणि त्यांना बरे वाटले, अशी आख्यायिका आजही त्या गावात सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला, तरी या दर्ग्याशी त्यांचे नाते शेवटपर्यंत अतूट राहिले हे खरे. उरुसाच्या वेळी ते जेथे असतील तेथून मिरजेत येत आणि पिरासमोर गात.

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि शेजारचे सांगलीही पटवर्धनांचेच. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये या संस्थानांचा प्रदेश आणि जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. संगीताच्या दृष्टीने हा मुलूख आधीपासूनच संपन्न होता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली ती सांगलीत. ख्याल महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले आणि त्यांच्याकडे शिकून निघालेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. जवळच्या कुरुंदवाडला ग्वाल्हेरचे रहिमत खाँ होते. सर्कशीचे मालक विष्णुपंत छत्रे यांनी या अवलिया गवयाला सांभाळले होते. रहिमत खाँच्या भावनेने ओथंबलेल्या सुराचा खाँसाहेबांवर खोल परिणाम झाला, असे जाणकार मानतात.

मिरजेची आणखी एक ओळख म्हणजे तंतुवाद्ये. एके काळी शस्त्रे घडवणाऱ्या कारागिरांच्या वंशजांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सितारी बनवायला सुरुवात केली आणि फरीदसाहेब सितारमेकरांच्या वारशातून हा व्यवसाय फोफावला. पंढरपूर परिसरातून आणलेले भोपळे, लाकडाची निवड, घोडीवर तार नेमकी टेकावी म्हणून केलेली जवारी, या सगळ्यांवर तंबोऱ्याचा झंकार अवलंबून असतो. खाँसाहेब स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात निष्णात होते. गायला बसण्यापूर्वी तंबोरे मनासारखे लागेपर्यंत ते तोंडातून सूर काढीत नसत. त्यांच्यासारखा चोखंदळ गिऱ्हाईक दाराशी असणे ही मिरजेच्या कारागिरांसाठीही एक परीक्षाच होती.

याच काळात सातारा आणि सांगलीतील दोन सरकारी अधिकारी वेगळ्याच मार्गाने सुराच्या मागे लागले होते. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आयसीएस अधिकारी साताऱ्यास न्यायाधीश होते आणि कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. प्राचीन ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या आजच्या गवयाच्या गळ्यात प्रत्यक्ष सापडतात काय, आणि सापडत असल्यास त्यांची कंपनसंख्या किती, हे देवलांना शोधायचे होते. त्यासाठी अचूक गळा हवा होता. तो त्यांना खाँसाहेबांच्या रूपाने मिळाला. खाँसाहेबांनी सूर लावायचा आणि देवलांनी तारेची लांबी मोजून त्याचे गणित मांडायचे, असे हे प्रयोग चालले. त्यातून देवलांचे हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. क्लेमेंट्स यांनीही १९१३ मध्ये भारतीय संगीताची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले. दोघांनी मिळून ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्थाही उभी केली.

या खटाटोपामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. युरोपातून आलेली बाजाची पेटी तोवर नाटकात, कीर्तनात, घरोघरी शिरली होती. पेटी काय किंवा पियानो काय, त्यांच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजवता यावे, यासाठी केलेली ती तडजोड आहे. पण तंबोऱ्याच्या नादात जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो या तडजोडीत बसत नाही. षड्जाची कंपनसंख्या सेकंदाला २४० धरली, तर तंबोऱ्यातला शुद्ध गांधार ३०० येतो. पेटीचा गांधार मात्र ३०२.४ च्या आसपास असतो. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो. भरल्या तंबोऱ्यासमोर बसलेल्या गवयाच्या कानाला तो टोचतो.

क्लेमेंट्स आणि देवल यांचा उपाय सरळ होता. पट्ट्या चुकीच्या असतील, तर त्या बरोबर कराव्यात आणि वाढवाव्यात. लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून बावीस श्रुती वाजवू शकेल अशी खास पेटी त्यांनी तयार करवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे तिचे सूत्रधार होते. ज्या बडोद्यातून खाँसाहेबांना परागंदा व्हावे लागले, तेथेच ही श्रुतिपेटी पंडितांच्या आणि उस्तादांच्या कसोटीला लागली. ती कसोटीला उतरली नाही. जमलेल्या गुणीजनांना तिची स्वरव्यवस्था पटली नाही आणि पुढे ही पेटी प्रचारातही आली नाही.

देवलांच्या परिश्रमांना कमी लेखण्याचे कारण नाही. गवयाच्या गळ्याला ग्रंथाइतकेच प्रमाण मानून त्याचे मोजमाप करावे, ही दृष्टी त्या काळात नवी होती. अडचण निराळीच होती. रागातला स्वर एका ठिकाणी उभा राहत नाही. तोडीतला गांधार आंदोलत असतो, दरबारीतला गांधार खालच्या सुराला स्पर्श करून येतो, आणि ऋषभाकडून गांधाराकडे जाणाऱ्या मींडेत दोन्हींच्या मधले सगळे नाद लागतात. बाराच्या जागी बावीस पट्ट्या केल्या, तरी पट्टी ती पट्टीच. दोन पट्ट्यांच्या मधे काही वाजत नाही. पाश्चात्त्य वाद्यांतही हाच भेद आहे. पियानोचा प्रत्येक सूर घणासारखा पडतो आणि विरत जातो. चेलोवर मात्र वादकाचे बोट सारंगीप्रमाणेच तारेवरून सरकू शकते. सारंगीच्या घराण्यात वाढलेल्या खाँसाहेबांचे गाणे या दुसऱ्या जातीचे होते. देवलांच्या प्रयोगांत त्यांनी श्रुतींच्या जागा सुट्या करून दाखवल्या. मैफलीत मात्र ते या जागांमधून वाहत जात.

ज्या यंत्राकडून सुराच्या अभ्यासकांना फारशी अपेक्षा नव्हती, त्याने मात्र हा वाहता सूर टिपला. ग्रामोफोन कंपनीसाठी खाँसाहेबांनी १९०५ च्या सुमारास आपले गाणे मुद्रित केले. विजेवर चालणारा मायक्रोफोन तेव्हा नव्हता. धातूच्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या आवाजाने सुई थरथरे आणि मेणाच्या तबकडीवर चरा उमटे. कलकत्त्याजवळ तबकड्यांचा कारखाना निघण्यापूर्वी हे मुद्रण जर्मनीतील हानोव्हरला पाठवले जाई आणि तेथून छापलेल्या तबकड्या बोटीने परत येत. अनेक बुजुर्ग गवई या प्रकाराला बिचकत. आवाज यंत्रात गेला की गळ्यातून जातो, अशी भीती होती. घराण्याची चीज कोणाच्याही हाती पडेल, ही धास्ती तर त्याहून मोठी. खाँसाहेब मात्र त्या कर्ण्यासमोर बसले. दरबार सुटलेल्या गवयाला अनोळखी श्रोत्याचे महत्त्व इतरांपेक्षा लवकर कळले असावे.

हीच वृत्ती त्यांच्या अध्यापनातही दिसते. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. घराण्याबाहेरच्या, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांना त्यांनी शिष्य केले. शिष्यांची राहण्या-जेवण्याची सोय गुरुगृहीच असे आणि खर्च भागवण्यासाठी शिष्यांसह तिकीट लावून जलसे करावे लागत. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच पुढचे सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, दशरथबुवा मुळे अशी शिष्यपरंपरा त्यांच्याकडे घडली. धारवाड, हुबळी, म्हैसूर, मद्रास असा त्यांचा सतत प्रवास चाले. म्हैसूर दरबाराने त्यांचा गौरव केला. कर्नाटक संगीत त्यांनी नुसते ऐकले नाही, त्यातली सरगमची पद्धत आपल्या गाण्यात आणली आणि त्यागराजांची कृतीही तबकडीवर गायिली. उत्तरेतील एखाद्या उस्तादाने दक्षिणेकडे अशा शिष्यभावाने पाहणे त्या काळी दुर्मीळ होते.

जगाला दारे उघडणाऱ्या या गवयाचे स्वतःचे घर मात्र मोडले. ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली आणि त्यांना वडिलांच्या नावाऐवजी माने हे आडनाव मिळाले. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले. १९०५ साली मिरजेत जन्मलेली चंपाकली हिराबाई म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पुढे हिराबाई बडोदेकर या नावाने महाराष्ट्राच्या गळ्यातील ताईत बनली. धाकट्या सरस्वती राणेही गायिका म्हणून नावारूपाला आल्या. सुरेशबाबू आणि हिराबाई यांना पुढची तालीम किराण्याच्याच अब्दुल वहीद खाँकडून मिळाली. स्त्रियांनी प्रतिष्ठित व्यासपीठावर बसून तिकीट लावून गाणे करण्याचा पायंडा ज्यांनी पाडला, त्यांत हिराबाई अग्रभागी होत्या. वडिलांचा सहवास तुटला, पण गळ्यातला सूर त्यांचाच होता. खाँसाहेबांच्या सुरातील कारुण्याचा उगम काही जण या ताटातुटीत पाहतात. तसे ठामपणे म्हणता येणार नाही. त्यांच्या आधीच्या गाण्यातही ती आर्तता होती.

पुण्याचे विद्यालय बंद झाल्यावर त्यांनी मिरजेतच मुक्काम ठेवला. १९३० च्या दशकाच्या मध्यावर, साठी ओलांडल्यानंतर, ओडियन कंपनीसाठी त्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रण केले. आता मायक्रोफोन आला होता आणि बारीक, मुलायम आवाजाला कर्ण्याशी झुंजावे लागत नव्हते. आज खाँसाहेब म्हणून आपण जे ऐकतो ते मुख्यतः याच तबकड्यांवरचे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांत संपे. एकेका रागाला तास देणाऱ्या गवयाने या तीन मिनिटांत काय करावे? बहुतेकांनी घाईघाईने ताना भरल्या. खाँसाहेबांनी वेळ वाचवण्याची धडपड केली नाही. पहिल्याच षड्जावर ते सावकाश स्थिरावतात आणि उरलेल्या वेळात रागाची एकच छटा दाखवतात. झिंझोटी, जोगिया आणि भैरवीतल्या त्यांच्या ठुमऱ्या, शुद्ध कल्याण, मारवा, आभोगी यांतले ख्याल, तसेच ‘मानापमान’ नाटकातले एक पद, असा हा ऐवज आहे.

त्यांची झिंझोटीतील ठुमरी इतकी लोकप्रिय झाली की, १९३५ च्या ‘देवदास’ चित्रपटात कुंदनलाल सैगलांनी ती आपल्या ढंगाने गायिली. गदगमधल्या एका शाळकरी मुलाने खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि असे गाता आले पाहिजे, या एकाच ध्यासाने तो गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. पुढे सवाई गंधर्वांकडे शिकून तो पंडित भीमसेन जोशी झाला. खाँसाहेबांनी मुद्रण करताना ज्या श्रोत्याची कल्पनाही केली नसेल, असा हा श्रोता होता. घराण्याची पुढची पिढी गुरूसमोर बसण्याआधी तबकडीसमोर उभी राहून घडू लागली होती.

खाँसाहेबांचा अंतही प्रवासातच झाला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासचा कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीस योगी अरविंदांच्या आश्रमाकडे निघाले होते. आगगाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनवर ते शिष्यांसह उतरले. फलाटावरच बिछाना घातला गेला. त्यांनी नमाज पढला, तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारी कानड्यात परमेश्वराचे नाव घेतले. गाता गाताच २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचे प्राण गेले. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला.

पेटीचा वाद त्यांच्यानंतरही मिटला नाही. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतरचनाकार जॉन फौल्ड्स यांनी १९३८ मध्ये हार्मोनियमविरुद्ध जळजळीत लेख लिहिला. ते पूर्वी मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात चेलो वाजवीत असत, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. बोटाने सूर शोधण्याची सवय असलेल्या या वादकाला पट्ट्यांच्या वाद्यातले वैगुण्य चटकन जाणवले. १९४० मध्ये रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. एका इंग्रज न्यायाधीशाने पेटी सुधारू पाहिली, दुसऱ्या इंग्रजाने तिला हद्दपार करण्याची भाषा केली. गवयांनी व्यवहारात दोन्ही ऐकले नाही. बारा पट्ट्यांची पेटी आजही मैफलीत साथीला असते. चांगला साथीदार मींडेच्या जागी हात राखून वाजवतो आणि गवई आपला गांधार तंबोऱ्यातून घेतो.

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेची परंपरा त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झाली. तेथे गाणे ही कलावंतांना हजेरी वाटते. सवाई गंधर्वांच्या नावाने पुण्यात १९५३ पासून महोत्सव भरू लागला. मिरजेच्या सितार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खाँसाहेबांच्या तबकड्या आता इंटरनेटवर कोणालाही, केव्हाही ऐकता येतात. त्या ऐकताना सुईची खरखर आधी येते, मग तंबोऱ्याचा अस्पष्ट नाद आणि त्यातून वर येणारा तो बारीक आवाज. ध्वनिमुद्रणात आवाजाचा भरदारपणा गेला आहे, मैफलीचा विस्तारही हरवला आहे. दोन स्वरांमधली वाट मात्र जशीच्या तशी आली आहे. सातारा-सांगलीच्या अभ्यासकांना जी वाट बावीस पट्ट्यांत पकडता आली नाही, ती मेणावरच्या एका चऱ्याने धरून ठेवली, कारण त्या चऱ्याला सुराचे तुकडे पाडायचे नव्हते. समोर न दिसणाऱ्या श्रोत्यासाठी गाणाऱ्या आजच्या कलावंताने खाँसाहेबांकडून घ्यायचे ते हेच. वेळ तीन मिनिटांचा असो वा तीन तासांचा, पहिला सूर पूर्ण लागेपर्यंत पुढे जायचे नाही.